येड्याच्या गोळ्या

"तिले विळीवर नका बसू देऊ वं. येड्याच्या गोळ्या खाते ते."

वडनेर भोलजीत आमच्या देवळाचा भंडारा होता. वांग्याच्या भाजीसाठी घरोघरच्या बाया आपापली विळी घेऊन येतात, रांगेनं बसून चिरतात. कोण कुठं बसेल, ते गावातल्या मोठ्या घरची काकी ठरवते. तिचं घर साठ एकराचं, आमचा भाजीचा एक तुकडा. असं म्हणत तिनंच माझ्या पुढ्यातली विळी पायानं बाजूला सारली. विळीला पाय! शेजारणीनं तिचं लेकरू माझ्यापासून दूर ओढलं. माझी सख्खी जाऊ तोंडात पदर घालून हसली. डाळीच्या डब्यात लपवलेल्या गोळ्या तिनंच पाहिल्या होत्या.

दोन वर्षांपूर्वी हे झालं असतं, तर मी गुपचूप उठले असते. माझंच चुकलं म्हणत आठ दिवस भिंतीकडे तोंड करून पडले असते. तेव्हा मला राग यायचाच नाही. रडूही नाही. आई गेली तेव्हा डोळ्यांत टिपूस नव्हतं. बाया म्हणाल्या, दगडाच्या काळजाची आहे. मलाही तेच खरं वाटलं.

नांदुऱ्याला डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. तिथल्या मॅडम दर खेपेला समोर बसवून बोलतं करायच्या. "राग आला तर गिळू नका, फेकूही नका. आधी स्वतःशी म्हणा, राग आला." मला हसू आलं होतं. हे काय शिकवायचं असतं? पण चार महिन्यांनी, वांगी तोडता तोडता, आईसाठी रडू फुटलं. इतक्या उशिरा. शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसून ढसाढसा रडले. नवरा घाबरला. "बिमारी वाढली तुही." वाढली नव्हती. रडले, आणि रडणं थांबलं. उठून उरलेली वांगी तोडली. आधी माझ्या दुःखाला थांबणंच माहीत नव्हतं.

तर त्या दिवशी भंडाऱ्यात छातीत जाळ उठला. मनात म्हणाले, राग आला. खरा आहे. माझा आहे. एक श्वास घेतला. मग बोलले.

"काकी, मी बिमार होती, येडी नाही. दवा घेऊन राह्यली. विळीले पाय काऊन लावला?"

काकी म्हणाली, "पाहा, भडकली. म्हनूनच म्हनत होती मी."

माझा आवाज चढलाही नव्हता. यांच्या लेखी मी गप्प राहिले तरी वेडी, बोलले तरी वेडी. विळी उचलली, कपाळाला लावली आणि निघाले. प्रसादालाही थांबले नाही. वाटभर रडले. ज्यांच्या बाळंतपणाला मी धावले, त्याच बाया खाली मान घालून वांगी चिरत राहिल्या. ते फार लागलं. अजून लागतं.

नवरा म्हणाला, "बंद करून टाक त्या गोळ्या. लोकं काय म्हनतीन?"

एकदा लोकांसाठीच बंद केल्या होत्या. महिनाभर अंथरुणातून उठले नव्हते. लहानगी लेक स्वतःची वेणी स्वतःच कशीबशी घालून शाळेत जायची. ते मी विसरलेले नाही.

"नाही बंद करत," म्हटलं.

आजवर नांदुऱ्याला जाताना तोंडाला रुमाल बांधायचे. कोणी विचारलं, तर दाताचं दुखणं सांगायचे. या सोमवारी तोंड उघडं ठेवून जाणार. कोणी विचारलं, "कुठं चालली वं?" तर डोक्याच्या डॉक्टरकडे, असं काकीच्या दारासमोर उभं राहून सांगणार.