हिंगणीचा गरम ट्रॅक्टर

बॉनेटवर तळहात ठेवला आणि लगेच उचलला. इंजिन चांगलंच तापलेलं होतं.

"देवरावजी, सकाळी सुरू करू नका म्हणून बजावलं होतं ना?"

"बजावलं होतं जी," ते खाली बघत म्हणाले. "पण चालवला थोडा."

"का?"

ते आमच्यासाठी खाट ओढायला वळले.

जुने ट्रॅक्टर तपासून देणं हा माझा धंदा. या वेळचं गिऱ्हाईक समुद्रपूरचा प्रवीण, जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायची कामं घेणारा. हिंगणीच्या देवरावांचा ट्रॅक्टर दांडगा, पुढे हायड्रॉलिक लोडर, म्हणजे तेलाच्या दाबावर वर-खाली होणारे दोन लोखंडी हात आणि त्यांना बकेट. गुडघे गेल्यामुळे त्यांना क्लच दाबवत नव्हता, म्हणून विकायला काढला होता.

थकलेलं इंजिन थंड असताना नखरे करतं आणि एकदा तापलं की शहाण्यासारखं सुरू होतं. म्हणून लबाड मालक आम्ही पोचायच्या आत ते तापवून ठेवतात. त्यात लोडरचा एक हात मधोमध ताजा पुसलेला दिसला, बाकी सगळीकडे धूळ. गळतं तेल असंच पुसतात. माझं डोकं फिरलं.

"साहेब, हा माणूस फसवून राह्यला आपल्याले. चला," प्रवीण म्हणाला. आवाज काही हळू नव्हता. देवरावांचा चेहरा उतरला. साऱ्या गावाच्या अडीअडचणीला धावलेला माणूस, हे मला नंतर कळलं, स्वतःच्या अंगणात लबाड ठरत होता.

निघावंसं मलाही वाटत होतं. पण निकाल मी मशीनकडून घेतो. बकेटमध्ये दगड भरले, ती वर उचलली, इंजिन बंद केलं आणि बकेट जिथवर होती तिथे शेजारच्या खांबावर खडूनं रेघ मारली. आतून तेल सुटत असेल तर बकेट हळूहळू खाली येते. "आता थांबायचं. इंजिन पूर्ण थंड होऊ दे."

देवरावांच्या बायकोनं, शांताबाईंनी, जेवायला वाढलं. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी. देवराव ताटाला हात लावेनात. शेवटी बाईंनाच राहवलं नाही.

"सांगा ना त्याईले. नाई त मीच सांगते. पोळ्याले बैल घरोघरी नेते ना जी, तसा यायनं सकायी ट्रॅक्टर साऱ्या गावात नेला. त्यानं कोणाच्या विहिरीतली मोटर काढली, कोणाच्या घराची लाकडं उचलली. जाताना भेटून त जाऊ दे म्हणे. बायांनी हळद-कुंकू लावलं, ओवाळलं. मंग घरी आल्यावर यायले वाटलं, तुमी हसान. म्हणून पुसून टाकलं."

देवराव कोपऱ्यात बघत बसले होते. लग्नात मुलगी पाठवताना बाप बसतो तसे.

मी हात धुऊन लोडरपाशी गेलो. पुसलेल्या जागेच्या बोल्टच्या खाचेत नख घातलं. पिवळं निघालं. तेलाचा टिपूससुद्धा नव्हता. इतकी वर्षं मी गरम इंजिनांना शिव्या घालत आलो, पण हे कारण कधी ऐकलं नव्हतं.

उन्हं कलली तेव्हा बॉनेट गार झालं होतं. बकेट रेघेवरच होती. "प्रवीण, चावी तूच मार," मी म्हटलं. अर्ध्या फेऱ्यात इंजिन लागलं. थोडा काळा धूर आला आणि लगेच साफ झाला.

प्रवीण देवरावांसमोर जाऊन उभा राहिला. "काका, चुकलं माझं."

"तुयं काय चुकलं बापू? इंजिन त गरमच होतं."

व्यवहार तिथेच झाला. ट्रॅक्टर फाटकाबाहेर पडला तेव्हा देवराव दुखऱ्या गुडघ्यांनी मागे मागे चालत रस्त्यापर्यंत आले. शांताबाई ओरडल्या, "पोळ्याले आणजो रे!" प्रवीणनं मान हलवली. पोळ्याला त्यानं खरंच आणला.

सुरू करू नका, हे मी मालकांना अजूनही फोनवर सांगतो. त्यापुढे आता एक वाक्य जोडतो: ट्रॅक्टर गावाला भेटवायचा असेल तर तपासणी झाल्यावर भेटवा, आम्ही थांबतो.