सुनंदा उजागरेंच्या जिभेचा उपवास

मनातलं ओठांवर यायला सुनंदा उजागरेंना कधी वेळ लागला नाही, आणि मनात तर सारखं काही ना काही येतच असायचं.

उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या एका जीन्सच्या कारखान्यात त्या चेकर होत्या. शिवून आलेली पँट उजेडात धरायची, उलटी करायची, शिवण ओढून बघायची, आणि जरा कुठे टाका चुकला की ती ‘ऑल्टर’च्या ढिगात भिरकावायची. ऑल्टर म्हणजे उसवा आणि पुन्हा शिवा. या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. “देव प्रत्येकाला काहीतरी दान देतो,” त्या म्हणायच्या. “कुणाला गळा देतो, कुणाला अक्कल देतो. मला डोळे दिलेत.” अडचण एवढीच, की संध्याकाळी मशिनी बंद व्हायच्या, सुनंदाबाईंचे डोळे व्हायचे नाहीत. कारखान्यातून निघून अंबरनाथ पश्चिमेला घरी पोचेपर्यंत रिक्षावाला, त्याची रिक्षा, शेजारी बसलेल्या बाईची पर्स, सगळं तपासून झालेलं असायचं.

त्यांचे यजमान दिनानाथ अंबरनाथच्याच एका केमिकल कंपनीतून निवृत्त झालेले. मशिनींच्या आवाजाने त्यांचा डावा कान गेला होता. जेवायला बसताना ते तो कान बायकोच्या बाजूला येईल असे बसत. त्यांचा संसार त्या कानावर टिकला होता.

चर्चमध्येही सुनंदाबाईंचा दरारा होता. पाळकसाहेबांचं प्रवचन संपलं की घरी पोळ्या लाटताना सुनंदाबाईंचं प्रवचन सुरू व्हायचं, पहिल्या प्रवचनाबद्दल. एखादं गीत आवडलं नाही की त्या सरळ म्हणत, “हे ऑल्टरला टाका.” आणि गेल्या नाताळापासून त्यांच्या तोंडी एक नाव कायमचं बसलं होतं, ते म्हणजे श्रद्धा पारखे. श्रद्धा गायनमंडळ चालवायची. वयाने सुनंदाबाईंपेक्षा वीस वर्षांनी लहान. नवरा मस्कतला नोकरीला, आणि ही बदलापूरला शिरगावात सासूबरोबर राहायची. नाताळच्या तालमीत तिने सुनंदाबाईंना पुढच्या रांगेतून मागच्या रांगेत जायला सांगितलं होतं. “ताई, तुम्ही जरा मागे उभ्या राहाल का?” इतकंच. पण तेव्हापासून श्रद्धाची साडी, श्रद्धाची स्कूटर, श्रद्धाचे केस, सगळं ऑल्टरच्या ढिगात गेलं होतं.

यंदा ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला तेव्हा पाळकसाहेबांनी वेगळाच सूर लावला. “दरवर्षी आपण मटण सोडतो, चहा सोडतो,” ते म्हणाले, “आणि ईस्टर झाला की तेच आपण, तेच मटण. या वर्षी पोटाचं राहू द्या. मनाचं बघा. देवाला आपल्याला नवं मन द्यायचंय, पण आपण जुनंच धुऊन वापरतो.”

सुनंदाबाईंनी शेजारच्या बाईला कोपर मारलं. “ऐक गं. तुझ्यासाठीच आहे.”

घरी गरम पोळ्या वाढता वाढता त्यांनी दिनानाथांना ते प्रवचन कुणाकुणाला लागू पडतं ते सांगितलं. श्रद्धा पहिली. मग खजिनदार, मग पाळकबाईंची बहीण. दिनानाथ त्या दिवशी चुकून उजवा कान करून बसले होते. सगळं ऐकून म्हणाले, “आणि तू?”

“मी काय?”

“तुला नाही का लागू पडत?”

सुनंदाबाईंची पोळी तव्यावरच फुगून करपली. त्या इतक्या चिडल्या की चिडण्याच्या भरात नवसच बोलून बसल्या. “ठीक आहे. ईस्टरपर्यंत मी कुणाबद्दल एक वाईट शब्द बोलणार नाही.”

“कुणाबद्दलच?”

“कुणाबद्दलच!”

दिनानाथांनी घास खाली ठेवला आणि लेक सासरी निघाली असावी तसे त्यांच्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून कारखान्यात शांतता पसरली. चुकलेली पँट त्या मुकाट्याने ढिगात ठेवत. कारागीर जास्तच घाबरले. ओरडणाऱ्या बाईची त्यांना सवय होती, मंद हसणाऱ्या बाईची नव्हती. शेवटी सेठ स्वतः उठून आले. “सुनंदाबेन, तबियत ठीक है ना? डॉक्टर को दिखाया?” महिला मंडळाची सभाही लवकर आटोपली. सुनंदाबाई बोलल्या नाहीत म्हटल्यावर बोलण्यासारखं कुणाकडेच काही उरलं नाही.

सुनंदाबाईंना मात्र आपण बदलल्याची खात्रीच पटली. त्या हळू चालायला लागल्या. मान थोडी तिरकी करून हसायला लागल्या. आरशात बघताना त्यांना आपला चेहरा उजळल्यासारखा वाटला, आणि तो इतरांना दिसतोय की नाही याची त्यांना काळजी लागली.

पण खरं काय ते त्यांचं त्यांनाच कळत होतं. तोंडाचं शटर खाली होतं, आत दुकान जोरात चालू होतं. एरवी बोलून टाकलेलं वाक्य हवेत विरून जायचं. आता ते आतच राहायचं, घासून घासून धारदार व्हायचं. श्रद्धाबद्दलची तर अशी अशी वाक्यं तयार झाली होती, की ती वाया चालल्याचं त्यांना मनापासून दुःख होत होतं. शिवाय कोण उपवास पाळतंय, कोण मोडतंय, याची तपासणी नव्याने सुरू झाली होती. वाईट बोलायचं नाही असं ठरलं होतं. वाईट नजरेने बघायचं नाही असं कुठे ठरलं होतं?

एका दुपारी त्या प्रार्थनेला गुडघे टेकून बसल्या. “प्रभू, मी तुझे आभार मानते की मी आता त्या श्रद्धासारखी–” आणि एकदम थांबल्या. ही प्रार्थना ओळखीची वाटत होती. रविवारच्या शाळेत मुलांना ही गोष्ट त्यांनीच तर शिकवली होती, मंदिरात पुढे उभा राहून ‘मी इतरांसारखा नाही’ अशी स्वतःची तारीफ करणाऱ्या परूशी माणसाची. गोष्टीत तो माणूस नापास झाला होता.

“घ्या,” त्या उठत पुटपुटल्या. “मला वाटलं पाळकबाई झाले, निघाले परूशी.”

त्यानंतरच्याच आठवड्यात श्रद्धाची स्कूटर शिरगावात खडीवरून घसरली. पायाचं हाड मोडलं, ऑपरेशन ठरलं. नवऱ्याला मस्कतहून लगेच रजा मिळत नव्हती आणि सासू ठमाबाई ऐंशीच्या घरातल्या. दवाखान्यात सोबत कोण राहील, असं पाळकसाहेबांनी महिला मंडळात विचारलं. कुणाच्या मुलांची परीक्षा होती, कुणाची कंबर धरली होती. सुनंदाबाईंचा हात वर गेला. हात वर जाताना आपल्याकडे कोण कोण बघतंय, हेही त्यांनी बघून घेतलं.

बदलापूरच्या त्या छोट्या दवाखान्यात ऑपरेशन नीट झालं. श्रद्धाला बाहेर आणून खोलीत ठेवलं. भूल अजून पुरती उतरली नव्हती. नर्स सलाईन लावत होती आणि सुनंदाबाई पलंगाच्या पायाशी उभ्या होत्या. श्रद्धाने डोळे अर्धवट उघडले आणि जड जिभेने, पण अगदी स्पष्ट म्हणाली, “सिस्टर, त्या उजागरेबाईंना आत सोडू नका हं.”

“का हो?” नर्सने सुईवरची नजर न काढता विचारलं.

“त्या टाके तपासतील. माझा पाय ऑल्टरला टाकतील.”

त्या क्षणी सुनंदाबाई खरोखरच पट्टीवर वाकल्या होत्या. चिकटपट्टी एका बाजूला तिरकी लागली होती, आणि ते नर्सला सांगावं की नाही याच विचारात त्या होत्या.

खरं तर राग यायला हवा होता. त्यांनी त्याची वाटही पाहिली. आलं ते हसू. आधी नाकातून फुस्सकन निघालं, मग पोटातून उसळलं. त्यांनी पदर तोंडात कोंबला, भिंतीकडे तोंड केलं, तरी खांदे गदगदा हलत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पाय मोडून पडलेली पोर, शुद्धीत नाही, तरी बिचारीला भीती कसली, तर सुनंदा उजागरेची! आणि भीती खोटी तरी कुठे होती?

“बाई, हसायचं असेल तर बाहेर जा,” नर्स म्हणाली. त्या गेल्या, आणि बाकावर बसून पुन्हा हसल्या. हसता हसता कधी रडायला लागल्या, ते त्यांनाही कळलं नाही.

संध्याकाळी श्रद्धा नीट शुद्धीवर आली. सुनंदाबाईंना बघून तिचा चेहरा पडला. “ताई, मी भुलीत काही बोलले का?”

“बोललीस.”

“काय?”

“खरं तेच बोललीस.” सुनंदाबाईंनी तिला चमच्याने पाणी पाजलं. मग नाताळापासून आत रुतून बसलेलं त्यांनी विचारूनच टाकलं. “मला मागच्या रांगेत का घातलंस गं? बेसूर गाते मी?”

श्रद्धाने चमचा बाजूला सारला. “नाही ताई. तुमचा आवाज चांगलाय. पण गाताना तुम्ही दुसऱ्याचा ऐकत नाही.”

चार उत्तरं त्याच क्षणी हजर झाली. एकाहून एक सरस. पण सुनंदाबाईंना ती उचलावीशी वाटेनात. त्या खिडकीकडे वळल्या आणि मनातल्या मनात म्हणाल्या, ‘प्रभू, तोंड मी बंद करून पाहिलं. आतलं काही माझ्याच्याने होत नाही. हे जुनं मन मी किती दिवस रफू करू? तूच काय ते कर.’ आमेन म्हणायच्या आत नर्सने औषध आणायला पिटाळलं.

श्रद्धाला घरी सोडल्यावर सुनंदाबाई कारखाना सुटला की थेट शिरगावला जाऊ लागल्या. तिथे ठमाबाई वाट बघत बसलेल्या असायच्या.

“या खिचडीला मीठ नाही.”

“घालते आजी.”

“आणि भांडी अशी घासतात होय? राख लावून घास म्हणावं. तुझ्या आईने काही शिकवलं नाही वाटतं.”

सुनंदाबाई नळाखाली पातेलं धरून ऐकत राहायच्या. हा आवाज त्यांनी आयुष्यभर ऐकला होता, फक्त आतून. समोरून तो असा लागतो, हे त्यांना आजवर माहीत नव्हतं. त्या घरी आल्या आणि त्यांनी विचारलं, “अहो, तुमचा तो कान खरंच गेलाय का?”

दिनानाथांनी जरा विचार केला. “अर्धा,” ते म्हणाले.

सुनंदाबाईंना पुन्हा हसू फुटलं, आणि बऱ्याच वर्षांनी दोघं एकाच गोष्टीवर हसली.

पुढच्या सभेत बायकांनी त्यांना गाठलं. श्रद्धाचं घर कसं आहे, सासू-सुनेचं पटतं का, सगळं ऐकायला त्या टपल्या होत्या. सुनंदाबाईंनी सवयीने मनाच्या दुकानात हात घातला. हाताला लागेल असं काही तयारच नव्हतं. आठवत होती ती वॉकर धरून संडासापर्यंत जाणारी श्रद्धा, सासूला कळू नये म्हणून कण्हणं ओठांखाली दाबणारी. “पोर सोसते गं फार,” त्या म्हणाल्या, आणि आपलंच वाक्य ऐकून चमकल्या. नवसाची त्या वेळी त्यांना आठवणसुद्धा नव्हती.

ईस्टरच्या उपासनेत श्रद्धाने खुर्चीत बसून गायनमंडळ चालवलं. सुनंदाबाई मागच्या रांगेत उभ्या राहिल्या आणि ठरवून इतरांचं ऐकत गायल्या. शेजारचे काका बेसूर आहेत, हे पहिल्याच ओळीत कळलं. दुसऱ्या ओळीत, त्यांना दाबायच्या नादात आपण भलत्याच पट्टीत चाललोय, हेही कळलं. त्यांनी आवाज खाली घेतला. काकांना बरं वाटलं असावं, ते आणखी जोरात गाऊ लागले.

एवढं सगळं झाल्यावर आता आपण नव्या झालो, असं सुनंदाबाईंना वाटलं असतं तर नवल नव्हतं. वाटलंही. ईस्टरनंतरच्या सोमवारी उन्नती नावाच्या नव्या कारागीर बाईने खिसा उलटा लावून आणला आणि सुनंदाबाईंनी तिला सगळ्यांदेखत झाडलं. “डोळे घरी ठेवून येतेस का? मुलांना असंच उलटं वाढवतेस?” कारखान्याने सुटकेचा निःश्वास टाकला. बाई बऱ्या झाल्या!

सुनंदाबाई पुढची पँट उलटी करू लागल्या. शिवण दिसेना. उन्नतीच्या मुलांना त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. पूर्वी असं काही बोलल्यावर त्यांना दोन घास जास्त जायचे. आज मात्र आपलंच वाक्य त्यांना पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. ‘हे काय नवीन?’ त्या स्वतःशीच वैतागल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की हेच नवीन.

त्या उठल्या, मशिनींच्या रांगेतून उन्नतीजवळ गेल्या. तिने घाबरून मशिन थांबवली.

“खिसा उलटाच होता,” सुनंदाबाई म्हणाल्या. “पण मुलांचं बोलायला नको होतं. माझं चुकलं.”

उन्नतीचा चेहरा पांढराफटक पडला. “ताई, मला कामावरून काढताय का?”

“नाही गं बाई, माफी मागतेय!”

“सेठने सांगितलं का असं बोलायला?”

“कुणी नाही सांगितलं. मला सवय नाही, म्हणून तुला तसं वाटतंय.” सुनंदाबाईंनी तिच्या शेजारचं स्टूल ओढलं. “दे इकडे. उसवायला घेऊ दोघी.”