बाईंचे चार शब्द

राग माझ्या नाकावरच असतो. आता जरा उतरलाय असं घरचे म्हणतात, पण ते घाबरूनही म्हणत असतील. नव्वदचं दशक संपता संपता मी कारंजा घाडगेच्या कॉलेजात संगणकाचं काम बघायला लागले, तेव्हा तर तो ऐन भरात होता.

कॉलेजच्या ऑफिसात एक मोठं यंत्र होतं आणि त्याला जोडलेले चार पडदे. काळा पडदा, हिरवी अक्षरं. माउस नाही, चित्रं नाहीत. जे काही करवून घ्यायचं ते आज्ञा टाइप करूनच. साधं बोनाफाइड छापायचं तर आधी एलपी, मग उणे डी, मग प्रिंटरचं नाव, मग प्रती किती ते, मग फाइलचं नाव. मध्ये एक मोकळी जागा राहिली की यंत्र मख्खपणे सांगणार, समजलं नाही. मला त्यात मजा यायची. आमच्या टायपिस्ट बाईंना घाम फुटायचा.

बाईंची पंचवीस वर्षं टाइपरायटरवर गेलेली. त्यांचं टेबल हायवेकडच्या खिडकीशी होतं. ट्रक गेला की काच थरथरायची, बाईंची ओळ मात्र कधी वाकडी जायची नाही. आणि एक दिवस संस्थेचं पत्र आलं: टाइपरायटर बंद, सगळ्या टायपिस्टांची वर्ध्याच्या मुख्य कचेरीत संगणकावर परीक्षा, नापास होईल त्याची बदली समुद्रपूरच्या शाळेत, भांडारात. कारंजा जिल्ह्याच्या एका टोकाला आणि समुद्रपूर दुसऱ्या. बाईंच्या यजमानांना लकवा झाला होता. घर बस स्टँडच्या मागेच. रोज दुपारच्या सुट्टीत बाई पळत घरी जायच्या, त्यांना टेकवून बसवायच्या, भाकर कुस्करून भरवायच्या आणि पदराला हात पुसत परत यायच्या. समुद्रपूरहून कोण पळत येणार?

हे सगळं मला ठाऊक होतं, आणि तरी मी बाईंवर ओरडायची.

त्यांना तयार करायचं काम प्रिन्सिपल साहेबांनी माझ्यावर टाकलं होतं. तीच आज्ञा मी त्यांना दहा वेळा सांगायची आणि अकराव्या वेळी त्या पुन्हा माझ्या तोंडाकडे बघायच्या. "पोरी, हे उणे काऊन लिहा लागते?" असं विचारायच्या. लागतं म्हणून लागतं, असं मी सांगायची. एकदा तर मी म्हटलं, "बाई, तुमच्या डोक्यात शिरतं तरी काय?" चारचौघांत म्हटलं. बाईंनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि पुन्हा एलपीपासून सुरुवात केली.

शेवटी मी हात टेकले. त्या यंत्रात एक सोय होती. लांबलचक आज्ञेला आपल्या मनानं एखादं छोटं नाव देऊन ठेवायचं, त्या सोयीला एलियास म्हणतात. मग नुसतं ते नाव टाइप केलं की मागची सगळी आज्ञा आपोआप चालते. मी बाईंना म्हटलं, सांगा तुम्हाला कोणते शब्द हवेत. त्या म्हणाल्या, पाह्य, धुंड, उतार आणि छाप. फाइलींची यादी म्हणजे पाह्य, मजकूर शोधायचा तर धुंड, नक्कल म्हणजे उतार, आणि छाप म्हणजे छाप. रोमन अक्षरांत मी ते त्यांच्या खात्याच्या फाइलीत लिहिलं. दहा मिनिटांचं काम. बाई मागे उभ्या राहून बघत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून बाई सुसाट सुटल्या. पंचवीस वर्षांची बोटं ती! चार शब्दांचं काय घेऊन बसलात, अर्ध्या तासात त्यांनी अख्ख्या वर्गाची बोनाफाइडं छापून काढली. प्रिन्सिपल साहेबांनी माझी पाठ थोपटली. मीही खुशाल थोपटून घेतली आणि पुन्हा बाईंच्या टेबलाकडे फिरकले नाही.

परीक्षेला मी सोबत गेले, यंत्र अडलं तर असावं कोणी म्हणून. नागपूरहून आलेले एक साहेब परीक्षा घेत होते. बाईंना कागद मिळाला: अमुक विद्यार्थी यादीत शोधा, त्याच्या दाखल्याची नक्कल करा, तीन प्रती छापा. मी मागच्या बाकावर निवांत बसले होते. बाईंनी धुंड टाइप केलं. पडद्यावर उमटलं, अशी आज्ञा नाही.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. ते चार शब्द आमच्या यंत्रात होते, बाईंच्या खात्यात. या यंत्राला ते कुठून माहीत असणार? ही गोष्ट शाळकरी पोरालाही सांगावी इतकी साधी, आणि मी ती सांगितली नव्हती. मला बोलायची मनाई होती. बाईंचे हात मांडीवर होते. मला त्यांचे यजमान दिसायला लागले, दुपारी दाराकडे बघत बसलेले. मी किती वाईट शिकवलं होतं ते मला तेव्हा कळलं.

बाईंनी हात उचलले आणि टाइप करायला लागल्या. एलियास, धुंड, बरोबरचं चिन्ह, अवतरण, मागची सगळी आज्ञा. दुसऱ्या ओळीत बंद करायचं अवतरण राहिलं आणि यंत्र पुढचं ऐकायची वाट बघत थांबलं. बाई गडबडल्या नाहीत. त्यांनी अवतरण बंद केलं.

साहेब जवळ आले. "हे काय करताय? प्रश्न सोडवा."

"चूल मांडून राह्यली साहेब," बाई म्हणाल्या. "मंग सयपाक." आणि चौथ्या ओळीवर थांबून त्यांनी विचारलं, "इथल्या प्रिंटरचं नाव काय हाय? आमचं नाव इथं चालनार नाई."

साहेबांनी मान वर केली, त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि नाव सांगितलं. पुढचं काम दहा मिनिटांत झालं. तीन प्रती बाहेर आल्या. साहेबांनी तिथेच कागदावर शेरा लिहिला, बदलीची गरज नाही.

परतीच्या बसमध्ये बाईंना खिडकी मिळाली होती. पुलगाव मागे पडल्यावर मी विचारलं, "हे कधी शिकलात?"

त्यांनी पिशवीतून वही काढली. यजमानांच्या औषधांच्या वेळा लिहिलेली वही, आणि मागच्या पानांवर माझ्या त्या चार ओळी. एकेका उण्याचा अर्थ कॉलेजच्या पोरांना विचारून खाली लिहिलेला.

"तू टाइप करून राह्यली होती ना, तवाच लिवून घेतलं."

"मला का नाही विचारलं?"

बाईंनी वही पिशवीत ठेवली. "तुले राग येईन, पोरी. पण तू ते माह्यासाठी नाई केलं. तुले माहा कंटाळा आला होता. कंटाळून देल्लं ते कवाही बंद होईन, असं वाटलं मले. म्हून लिवून ठेवलं."

मला राग आला नाही. लाज वाटली, आणि ती आजही तेवढीच वाटते. बाईंनीच माझ्या हातावर हात ठेवला.

"कामी पडलं ना तुह्यं देल्लं," त्या म्हणाल्या. "उद्यापासून मले पुरं शिकवजो. चार शब्दांत नोको."