दाजी नाखव्याचा गेम

चेंदणी कोळीवाड्यातल्या दाजी नाखव्याला नातीनं, प्राप्तीनं, क्लासला बोलावलं. नववीतली ही पोरगी शाळा सुटल्यावर माजिवड्याला कोडिंग शिकायला जायची. तिथली पोरं हातात मावणाऱ्या खेळयंत्रासाठी स्वतः गेम बनवत, आणि प्राप्तीच्या गेमचं नाव होतं ‘दाजी नाखवा’. म्हातारा असा फुगला, की सदऱ्याचं बटण लागेना!

का फुगू नये? बारा वर्षांचा असल्यापासून तो खाडीत जाळं टाकत होता. मुलांनी नोकऱ्या धरल्या, घरात मासळी बाजारातून येऊ लागली, तरी भरती बघून याची होडी रोज निघायचीच. “म्हावरा कमी झालाय, संपला नाय,” असं सुनावून तो सगळ्यांची तोंडं बंद करायचा. कोळ्याला खाडी सोड म्हणणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

क्लासमध्ये प्राप्तीनं यंत्र त्याच्या हातात दिलं. इवल्याशा पडद्यावर होडी, होडीत टोपीवाला माणूस. दाजीनं बटण दाबलं, जाळं बुडालं, वर आलं. आत पिशव्या. पुन्हा टाकलं. बाटल्या आणि एक चप्पल. दर खेपेला यंत्र आनंदानं वाजायचं आणि गुण वाढायचे. तिच्या उत्तरा मॅडम टाळ्या वाजवत होत्या.

“अगो, यात म्हावरा कुठं हाय?”

प्राप्ती गोंधळली. “आपल्या खाडीत कुठे मासे असतात, आजोबा? तू रोज प्लास्टिकच आणतोस ना. मला वाटलेलं, तुझं कामच ते आहे. खाडी साफ करायचं.”

दाजीच्या पायाखालची जमीन सरकली. साफसफाई काही हलकं काम नव्हे, पण ते त्याचं नव्हतं! साठ वर्षं कोळी म्हणून मिरवला, आणि घरच्याच पोरीला त्याचा पत्ता नाही. रागवावं तर कुणावर? किनाऱ्यावर तो जाळं झटकायचा ते तिच्यासमोरच. तिनं पाहिलं तेच बनवलं होतं.

“बोय घाल त्यात,” तो कसाबसा म्हणाला. चौकटीच्या वहीत त्यानं पेन्सिलनं एकेक चौकोन भरत बोय मासा काढला. “ही गपगुमान गावत नाय. जाल्यावरून उडी मारते, अशी!”

“उडी मारते? कसली भारी!” प्राप्तीनं लगेच कोड उघडला. “आता आकडा सांग. शंभर वेळा जाळं टाकलं तर ही किती वेळा सापडते? खरं सांग हां, फेकू नकोस.”

दाजीच्या ओठांवर पन्नास आलं होतं. त्यानं नातीच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला ते बोलवेना. इतक्या वर्षांत घरात कबूल न केलेली गोष्ट त्यानं तिला सांगून टाकली.

“या साली एकदा पन नाय गावली, बाय.”

प्राप्तीचं बोट शून्यावर थांबलं.

“पण शून्य टाकलं, तर ती कधी दिसणारच नाही, आजोबा.”