चौघांत हसन कोणता?

गोवर्धनला ‘नाही’ म्हणता येत नाही, आणि ही काळजी काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. मुलगा तिशीचा झाला, पनवेलच्या बाजारात त्याचा फोटोचा स्टुडिओ आहे. लग्नात रीळ संपलं तरी हा खटका दाबतच राहतो, कारण नटून उभ्या राहिलेल्या मावश्यांना परत कसं पाठवायचं? मग महिनाभर त्या फोटो मागायला आमच्या दारात. शेवंताबाईंना त्याने सांगितलं, “मावशी, तुमचा फोटो अजून धुतोय.” त्या म्हणाल्या, “आरं, मी का एवरी मळलेली हाय?”

यंदा मुंबईच्या एका मंडळाने फोटोंची स्पर्धा जाहीर केली. विषय होता, माणसामाणसांत भेद नको. गोवर्धनने जुई गावच्या मिठागरावरचा फोटो पाठवला. चौघे कामगार एका टोपलीतून भाकरी-सुकट खाताहेत: आगरी बाळाराम, कोळी जानू, तळोज्याचा हसन आणि बौद्ध धर्मराज. सारखेच पंचे, डोक्याला सारखीच फडकी, अंगावर सारखंच वाळलेलं मीठ. अधूनमधून गोवर्धनही त्यांच्यातच जेवतो.

फोटो निवडला गेला आणि मंडळाचे चिटणीस मोटारीने पनवेलला आले.

“सुंदर! पण यांत मुसलमान कोण?”

गोवर्धनने भिंग लावलं. “हा... थांबा, हा असावा.”

शेवटी चौघांनाच बोलावलं.

“यो मी,” बाळाराम म्हणाला.

“तो मी हाय,” जानू म्हणाला. “तुजं पोट कवा एवरं आत होतं?”

हसनलाही तोच हवा होता. फोटोत तेवढा एकच देखणा आला होता.

चिटणीस वैतागले. “वेगवेगळे आहेत हे दिसलं, तरच एक आहेत हे पटेल ना? पुन्हा काढा. हसनला टोपी घाला. जानूच्या खांद्यावर जाळं, बाळारामजवळ नांगर.” धर्मराजपाशी ते जरा अडखळले. “यांच्या हातात झाडू चालेल. आणि थोडं कडेला बसवा.”

“मिठागरान नांगर?” बाळारामने विचारलं.

“ईदची टोपी मिठान भरवली तं बायको मना घरान घेल का?” हसन म्हणाला.

धर्मराज हसला नाही. “गोवर्धनभाऊ, जेवताना मी कडेला बसतो का?”

आणि आमचे चिरंजीव चिटणिसांना काय म्हणाले? “बरं, काढतो.”

घरी येऊन त्याने माझ्याकडे झाडू मागितला. मी म्हटलं, “अरे, नाही म्हणून सांग ना त्यांना!”

“आई, ते इतक्या लांब मोटार घेऊन आले होते गं.”

जेवला नाही, तसाच झोपला. झाडू मी पिठाच्या डब्यामागे लपवला आहे, पण तेवढ्याने भागणार नाही. उद्या तो फोटो काढायला जाणार, आणि संध्याकाळी चिटणीस तो न्यायला येणार. बक्षिसाचं मला काही नाही. पण धर्मराजच्या हातात एकदा झाडू दिला, की त्या टोपलीभोवती गोवर्धनला पुन्हा कोण जागा देईल? आणि दिलीच, तर हा तिथे मान वर करून घास खाईल का?

तिशीतल्या मुलाच्या वतीने आईने नकार कळवायचा, हे हसण्यासारखंच आहे. इतक्या उशिरा सभ्य माणसाला झोपेतून उठवणंही बरं नव्हे. पण सकाळपर्यंत थांबले, तर गोवर्धन मिठागरावर पोचलेला असेल. ह्यांच्या दवाखान्यामुळे घरात फोन आहे. चिटणिसांचं कार्ड समोर ठेवलंय. मुंबईचा ट्रंक कॉल नोंदवते, अर्जंट.