कुत्री शिवणारे भाऊजी

आमच्या दुकानासमोर अजूनही अधूनमधून एखादी गाडी येऊन थांबते. मागचं दार उघडतं, चादरीत गुंडाळलेलं रक्तबंबाळ कुत्रं दिसतं आणि गुडघ्यापर्यंत चिखलाने बरबटलेला एखादा माणूस विचारतो, “शिंपीदादा आहेत का?” मी काउंटरवरूनच सांगते, “आहेत. पण ते आता फक्त कपडे शिवतात. जनावरांच्या डॉक्टरकडे जा.” काही जण गयावया करतात, काही माझ्यावर खेकसतात. मी दोघांनाही सारख्याच थंडपणे वाटेला लावते. भाऊजी आतल्या खोलीत मशीनवर बसलेले असतात. त्यांना सगळं ऐकू जातं, पण ते मान वर करत नाहीत.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ताई गेली तेव्हा त्यांची मुलगी शाळेत होती. मी आधीपासूनच काजं-बटणं आणि तुरपाई करायला दुकानात येत होते, ती येतच राहिले. माणूस हाताने सोन्यासारखा आणि तोंडाने मुका. आणि त्यांचा एक मोठा दोष, ज्याला गावातले लोक गुण म्हणायचे, तो हा की त्यांना ‘नाही’ म्हणता येत नाही. ताई म्हणायची, “उद्या कोणी हत्ती घेऊन आला आणि म्हणाला, याला पँट शिवा, तर हे आधी टेप काढतील.” आम्ही पोट धरून हसायचो. भाऊजीही हसायचे, आणि हसता हसता कुणाचं तरी फुकटचं अस्तर बदलून द्यायचे.

कुत्र्यांचं प्रकरण सुरू झालं ते रानडुकरांमुळे. माझ्या लहानपणी रानडुक्कर बघायचं तर टेकडीपलीकडच्या जंगलात जावं लागायचं, आणि तरी दिसेलच असं नाही. आता ती आपणहून भेटायला येतात. कचऱ्याच्या पेट्या उलथून टाकतात, शाळेचं मैदान नांगरल्यासारखं करून ठेवतात. एकदा तर कब्रस्तानात ताज्या मातीत शिरली होती. पोस्टमनच्या स्कूटरला एका मादीने धडक दिली, तो महिनाभर खुब्याला पट्टा बांधून होता. मग सरकारने शिकारीला मोकळीक दिली, आणि दर रविवारी टेकडीवरून बंदुकांचे आवाज येऊ लागले. डुकरं कमी झाली म्हणाल, तर अजिबात नाही. शिकारी वाढले, डुकरंही वाढली. ही मंडळी मोठे सुळेवाले नर टिपायची, फोटो काढायची आणि पिल्लावळीच्या माद्या सोडून द्यायची. वर हिवाळ्यात पोत्याने मका नेऊन जंगलात ओतायची, का, तर डुकरं लांब जाऊ नयेत. आधी पोसायचं आणि मग फार झाली म्हणून बोंब मारायची. मी हे तोंडावर बोलून दाखवायचे, म्हणून शिकारी मंडळींत माझं नाव ‘मिरची’ होतं. असो.

रानडुक्कर कुत्र्याला चावत नाही. ते मान खाली घालतं आणि खालून वर सुळा मारतं. कुत्र्याची छाती, पोट, मांडी कापडासारखी फाटते. अशीच एक कुत्री घेऊन गॅरेजवाला पहिल्यांदा आमच्या दुकानात आला. गॅरेजवाला हा शिकाऱ्यांचा म्होरक्या, आडदांड, दिलदार आणि फार बोलघेवडा. डॉक्टरांचा दवाखाना बंद होता. कुत्रीच्या बरगडीवरचं कातडं लोंबत होतं. “शिंपीदादा, तुम्ही चामड्याची जाकिटं शिवता ना? मग हे पण चामडंच आहे,” तो म्हणाला. मी म्हटलं, “चामडं आहे, पण आत जीव आहे ना अजून!” भाऊजींनी कापायच्या टेबलावरचं कापड गुंडाळून बाजूला ठेवलं, वाकडी सुई उकळत्या पाण्यात टाकली. कुत्री जगली.

मग काय, रांग लागली. हिवाळाभर दर रविवारी दोन-तीन कुत्री ठरलेली. पुढे जनावरांच्या डॉक्टरबाईंनाही हे कळलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांना एकटीला एवढी कुत्री झेपत नव्हतीच. त्यांनी भाऊजींना सुन्न करायचं औषध कसं टोचायचं ते दाखवलं आणि एक गोष्ट बजावून सांगितली: जखम कधीही पूर्ण बंद करायची नाही. खालच्या टोकाला बोटभर जागा उघडी ठेवायची, म्हणजे आतली घाण, पू, रक्त बाहेर पडतं. भाऊजींना हे पटायला जड गेलं. उभ्या आयुष्यात त्यांनी शिवण अर्धवट सोडली नव्हती. पण सांगितलेलं ऐकायचा स्वभाव, त्यामुळे ती बोटभर जागा ते ठेवायचे, आणि ठेवताना दरवेळी तोंड वाकडं करायचे. “कुरूप दिसतं,” म्हणायचे. कुत्र्याला काय त्याचं!

त्यांची मुलगी, माझी भाची, मोठी होऊन एका हॉटेलच्या लाँड्रीत कामाला लागली आणि तिथल्या वाटेवरच्या बसच्या ड्रायव्हरच्या प्रेमात पडली. जावई हसतमुख, दिसायला चांगला आणि जरा शेखी मिरवणारा. मला आवडायचा. मला ‘मावशी’ म्हणून हाक मारायचा आणि माझ्या डब्यातलं न विचारता खायचा. बसची नोकरी नुकतीच पक्की झाली होती. भाऊजी त्याच्यासमोर नव्या नवरीसारखे लाजायचे. स्वतःला मुलगा नाही, त्यामुळे त्याच्यासाठी जे जे शिवायचे ते असं शिवायचे की लग्नाच्या कोटालाही लाज वाटावी.

त्याला शिकारीचा नाद गॅरेजवाल्याने लावला. त्याच्याकडे परवाना नव्हता. “आधी हात बसू दे, मग कागद करू,” असं गॅरेजवाल्याचं म्हणणं. तो स्वतःची जुनी बंदूक त्याच्या हातात द्यायचा. भाऊजींना हे माहीत होतं. त्यांनी एकदा मला म्हटलं, “त्याला सांगायला हवं.” मी म्हटलं, “मग सांगा की!” ते म्हणाले, “वाईट वाटेल त्याला.” झालं, विषय संपला.

तो रविवार होता. भाची कामावर होती. दुपारच्या जेवणाच्या सुमाराला गॅरेजवाल्याची गाडी दुकानासमोर करकचून ब्रेक दाबून थांबली. मला वाटलं, कुत्रं. मागच्या सीटवर जावई होता. मांडीवर पट्टा आवळलेला, त्याखाली टॉवेल, आणि टॉवेलचा मूळ रंग कोणता हे सांगता येत नव्हतं.

काय झालं ते गॅरेजवाल्याने एका दमात सांगितलं. जावयाने गोळी घातली होती, त्याचं पहिलंच डुक्कर. ते झुडपात कोसळलं. पडलेल्या डुकराजवळ लगेच जायचं नाही, थांबायचं, हे तिथे नवख्यालाही पहिल्या दिवशी सांगतात. गॅरेजवाला ओरडला होता, म्हणे. पण हा आनंदाने धावत सुटला. डुक्कर उठलं.

“दवाखान्यात न्या!” मी म्हटलं. “इथे काय आणलंत? अक्कल गहाण टाकली का सगळ्यांनी?”

“मावशी, ओरडू नको ना,” जावई म्हणाला. चेहरा पांढराफटक, तरी हसत होता. “दवाखान्यात पहिला प्रश्न, बंदूक कुणाची. दुसरा, परवाना कुठाय. केस झाली की नोकरी गेली. मीच म्हटलं, बाबांकडे चला. अख्ख्या गावाची कुत्री जोडली त्यांनी, माझी एक तंगडी नाही जोडणार?”

गॅरेजवाला म्हणाला, “दादा, रक्त थांबलंय बघा. वरवरचं आहे. मी याहून वाईट कुत्री आणलीत तुमच्याकडे, आणि ती आज उड्या मारतायत.”

मी भाऊजींच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना भीती वाटत होती, हे मला स्वच्छ दिसत होतं. ते एवढंच म्हणाले, “मला आतलं काही कळत नाही रे. मला फक्त कातडं शिवता येतं.”

“मग कातडंच शिवा, बाबा,” जावई म्हणाला.

‘नाही’ हा शब्द त्यांच्या ओठापर्यंत आला होता. मी शपथेवर सांगते, आला होता. पण त्याने ‘बाबा’ म्हटलं आणि त्यांनी तो गिळला. मी भाचीला फोन लावत राहिले, पण लाँड्रीत कामाच्या वेळी फोन लॉकरमध्ये ठेवायला लावतात. वाजून वाजून बंद होत होता.

टेबल रिकामं केलं. सुई उकळली. औषध टोचलं. जावयाने दारूचे चार घोट घेतले आणि दात आवळून छताकडे बघत पडला. भाऊजींचा हात एकदा सुई धरली की थरथरत नाही, तसा तेव्हाही थरथरला नाही. टाके एका रेषेत, एका अंतरावर पडत गेले. खालच्या टोकाला आले तेव्हा मी म्हटलं, “भाऊजी, जागा ठेवा.”

ते थांबले. मग मला म्हणाले, “जावई आहे तो माझा. त्याला कुत्र्यासारखं शिवू?”

आणि त्यांनी शेवटपर्यंत शिवलं. इतकं सुबक की गॅरेजवाल्याने शीळ घातली. पट्टा सोडला. एक थेंब बाहेर आला नाही. सगळ्यांनी श्वास सोडला, मीही सोडला. जावयाला मागच्या खोलीतल्या खाटेवर झोपवलं. तिथे कापडाचे तागे असतात, जरा अंधार असतो, ऊबही असते. गॅरेजवाला डुक्कर उचलायला परत टेकडीवर गेला. हो, डुक्कर उचलायला. ते मेलं होतं आणि चांगलं मोठं होतं.

जावई म्हणाला, “पाय जड झालाय, बाबा.” भाऊजी म्हणाले, “टाके ओढतात. झोप.” त्याला तहान लागली, पाणी दिलं. पुन्हा लागली, पुन्हा दिलं. थंडी वाजते म्हणाला, तेव्हा भाऊजींनी अर्धवट शिवलेला गिऱ्हाइकाचा लोकरी कोट आणून त्याच्या अंगावर घातला आणि शेजारी स्टुलावर बसून राहिले. मधूनमधून चादर उचलून टाके बघायचे. टाके जिथल्या तिथे होते. रक्त नव्हतं. ते दारात येऊन मला म्हणाले, “कोरडं आहे.” त्या दुपारी त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान मी पाहिलं, ते मला आजही सहन होत नाही.

मांडी सुजून दुसऱ्या मांडीच्या दीडपट झाली होती. जखमेची सूज असेल, असं वाटलं. कुत्र्यांनाही सूज येते.

चार वाजून गेल्यावर मी चहा घेऊन आत गेले. हाक मारली. डोळे अर्धवट उघडे होते. मी कप खाली टाकला आणि किंचाळले. भाऊजी त्याचे हात चोळत सुटले. आता कोण केस करतंय आणि कोण नोकरी घेतंय! मी गॅरेजवाल्याला फोनवर घालता येतील तेवढ्या शिव्या घातल्या. तो आला, आम्ही तिघांनी जावयाला गाडीत घातलं. दवाखान्याच्या दारात डॉक्टर बाहेर आले, त्यांनी मानेला बोटं लावली आणि हळूच काढून घेतली.

तोवर लाँड्रीची पाळी सुटली होती. भाचीने माझे फोन पाहून उलट फोन केला आणि ती रिक्षा करून थेट दवाखान्यात आली. अंगावर कामाचा निळा एप्रन तसाच होता. तिला आत नेलं. आम्ही बाहेर भिंतीला लावलेल्या बाकावर. गॅरेजवाला भाऊजींच्या कानाशी लागला होता. “दादा, तुम्ही काही बोलू नका. मी सांगेन, रानातच आमच्यातल्या एकाने शिवलं. तुमचं नाव कुठेच येणार नाही. पोरीला तरी कशाला कळायला हवं?” त्याला खरंच मदत करायची होती. मूर्ख माणसं मनाने चांगली असली की जास्त घातक असतात.

डॉक्टर बाहेर आले. दमलेले होते, रागावलेलेही. “आतली शीर फाटली होती. सगळं रक्त मांडीतच साठत गेलं. वरून इतकं घट्ट बंद केलंय की थेंब बाहेर पडायला वाट नाही. थोडं जरी उघडं असतं तरी रक्त दिसलं असतं आणि तुम्ही त्याला वेळेत आणलं असतं. कुणी शिवलं हे?”

गॅरेजवाल्याने तोंड उघडलं. पण डॉक्टरांच्या मागून भाची आली होती. तिने आत चादर उचलून बघितलं असणार. शाळेच्या गणवेशापासून लग्नाच्या पोशाखापर्यंत तिने त्याच हाताची शिवण अंगावर घातली होती. ती कुणाला काही विचारायला थांबली नाही, सरळ भाऊजींसमोर येऊन उभी राहिली.

“बाबा, तुम्ही शिवलंत?”

“हो.”

गॅरेजवाला खाली बसला. मी उठून तिला धरायला गेले, तिने माझा हात बाजूला केला. मला वाटलं, आता ही हंबरडा फोडेल, त्यांच्या छातीवर मुठी आपटेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

“किती वेळ लागला शिवायला?”

भाऊजींनी खोटं बोलायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. “तासभर.”

“आणि दुकानातून इथे यायला किती लागतो?”

ती वाट बघत उभी राहिली. मला तिला सांगावंसं वाटत होतं, पुरे गं, पुरे. पण तो प्रश्न मला नव्हता.

“वीस मिनिटं,” भाऊजी म्हणाले. मग, कापडाचं माप चुकीचं सांगितलं तर जसं दुरुस्त करतात तसं, खाली बघत म्हणाले, “आज रस्ता मोकळा होता. पंधरा.”