वाळवी नसलेले बाक

सोपाननं हातातलं फडकं बाकावर ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, मला बराबर दिसून न्हाई राह्यलं."

सकाळचं ऊन अजून कोवळं होतं. माझ्या अंगात स्वेटर होता. सोपानचा शर्ट मात्र घामानं पाठीला चिकटला होता. मला वाटलं, उपाशीपोटी काम करतोय. "बस जरा सावलीत, चहा घे," म्हटलं आणि मी पुढच्या बाकाकडे वळले.

माझं काम थोडक्यात सांगते. जालना जिल्ह्यात लॉन, फार्महाऊस, हुरड्याची शेतं आहेत. त्यांचं बाहेरचं फर्निचर हिवाळ्याआधी तयार करून देणं, हा माझा व्यवसाय. आपल्याकडे लोक बाहेर बसतात ते थंडीतच. पावसाळाभर बाक, आरामखुर्च्या, झोपाळे शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून असतात. दिवाळी झाली की ते काढायचे. आधी धुणं, मग उन्हात वाळवणं. मग सांधे तपासणं, पॉलिश पेपर मारणं, तेल लावणं, गाद्या बसवणं. क्रम चुकला की लाकूड फाटतं, म्हणून माझ्याकडे प्रत्येक कामाची यादी असते.

हे शेत बदनापूरजवळचं. मालक प्रल्हादराव, नातीसह तिथल्याच घरात राहायचे. दुसऱ्या दिवशी सीझनची पहिली हुरडा पार्टी होती, लेकराबाळांसह येणारी बरीच कुटुंबं. सोपान हा प्रल्हादरावांचा गडी. तो बायकोसह शेतावरच राहायचा. माझ्यासोबत शबाना होती. गाद्यांचं सगळं शिवणकाम तिच्याकडे.

मागच्या आठवड्यात आम्ही धुऊन, घासून गेलो होतो. तेव्हा बाकांच्या पायांना वाळवी होती. "मी औषधवाला माणूस आणते," असं सांगून ठेवलं होतं. आज आले तर वाळवी गायब. पाय ओलसर, चकचकीत. डिझेलचा वास येत होता. गावाकडे वाळवीवर डिझेल मारतातच. मी खूश झाले. एक काम कमी.

तेवढ्यात सोपान ओकला.

त्याची बायको सिंधू धावत आली. प्रल्हादराव घरातून ओरडले, "पित्त झालं आसंल! लिंबू पाजा त्याला."

मी जवळ गेले. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी त्याची हनुवटी वर केली. भर उजेड होता, पण त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या तिळाएवढ्या झाल्या होत्या.

माझं माहेर कापसाच्या गावातलं. फवारणीच्या दिवसांत असे डोळे मी पाहिलेत. त्यातला एक माणूस परत आला नव्हता.

"प्रल्हादराव, ह्याला विषबाधा झालीय. फवारणीची."

"काय बोलता मॅडम? कपाशीची वेचणी चालू हाय. फवारणी कधीच संपली."

मी सोपानच्या कानाशी वाकले. "सोपान, बाकांना काय लावलंस?"

तो अडखळत बोलला. "उरल्तं... कपाशीचं औषध. डिझेलात मिसळलं. काल लावलं, आन् आज पुन्यांदा."

"हातानं?"

"फडक्यानं."

म्हणजे हातानंच. हे विष पोटात जावंच लागतं असं नाही. ते कातडीतूनही आत जातं, आणि डिझेलसोबत तर जास्तच जातं.

मी मागे वळून पाहिलं. शबाना त्याच बाकावर बसून पोहे खात होती.

"शबाना, उठ! प्लेट टाक खाली! ओढणी काढ, हात कोपरापर्यंत साबणानं धू!"

"हाय अल्ला, ताई, हुआ क्या?"

"आधी धू, मग सांगते."

माझ्या हातात रबरी ग्लोव्हज होते, ते नेहमीच असतात. मी आणि सिंधूनं त्याचे कपडे उतरवले. सिंधूच्या हातांना मी प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या. मोटर चालू करून पाइपाखाली त्याला साबण लावून धुतलं. केस, नखं, काखा, सगळं. त्याच्या मांडीची कातडी आपोआप फडफडत होती, जणू आत काहीतरी वळवळतंय. सिंधू पुन्हा पुन्हा साबण लावत होती.

प्रल्हादरावांनी गाडी काढली. औषधाची रिकामी बाटली शेडमागे सापडली. ती पिशवीत बांधून सोबत घेतली, कारण नेमकं कोणतं विष आहे हे डॉक्टरांना कळायला हवं. निघताना शबानाला बजावलं, "कुणालाही बाकांवर बसू देऊ नकोस. खुर्च्यांवर पण नाही. लाकडाला हातच लावायचा नाही."

"बिलकुल नाही, ताई. तुम्ही जावा जल्दी."

जालन्यापर्यंतचा रस्ता मला इतका लांब कधीच वाटला नव्हता. सोपानचं डोकं सिंधूच्या मांडीवर होतं. त्याच्या छातीतून पाण्यात फुंकर मारल्यासारखा आवाज येत होता. मध्येच तो आवाज थांबला. सिंधूनं त्याच्या गालावर फाडकन चापट मारली. "श्वास घे! घे म्हनते ना!" आवाज परत सुरू झाला.

दवाखान्यात डॉक्टरांनी बाटली पाहिली आणि प्रश्न न विचारता इंजेक्शनं सुरू केली. आम्हाला बाहेर काढलं.

बाहेर प्रल्हादराव माझ्याजवळ आले. आवाज खाली होता. "मॅडम, उद्याच्या पाहुण्यांचं काय करायचं? बाक पाण्यानं धुतले तर?"

"लाकूड विष प्यायलंय, प्रल्हादराव. ते धुऊन निघत नाही."

"मंग बाक फोडून आगटीत टाकू. तसंबी सरपण लागतंच."

आगटी म्हणजे हुरडा भाजायचा खड्डा. कणसं त्याच निखाऱ्यांत भाजतात, आणि माणसं धुराभोवती बसून खातात.

"तो धूर पोरांच्या नाकात जाईल. आणि हुरडा पोटात."

ते म्हणाले, "पह्यलीच पार्टी रद्द केली तर लोकं काय म्हनतील?" मी दाराच्या काचेकडे बोट केलं. आत सोपानच्या तोंडाला ऑक्सिजन लावलेला काचेतून दिसत होता. त्यांनी तिकडे पाहिलं. मग खिशातून फोन काढला आणि एकेका पाहुण्याला लावायला सुरुवात केली.

दुपारनंतर डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. सोपान डोळे उघडून पडला होता. इंजेक्शनांनी तोंड कोरडं ठाक पडलेलं, चेहरा लाल. मी विचारलं, "बाकांशिवाय आणखी कशाला लावलंस?"

त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. "खुर्च्याला न्हाई. झोपाळ्याला. त्याच्या फळीला लई वाळवी व्हती... तिला दोनदा चोळलं."

झोपाळ्याचा सांगाडा लोखंडी. त्याची बसायची फळी लाकडी आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी बाहेर येऊन शबानाला फोन लावला.

"शबाना, झोपाळ्यावर कुणी आहे का?"

"परी हाय ना, ताई. साहेबांची नात. बाकावर बसायला लागली तर मी तिला झोपाळ्यावर बसवलं. लोखंडी हाय म्हणून. झोका देता देता झोपलीच ती. चादर टाकलीया मी."

प्रल्हादराव माझ्या शेजारीच उभे होते. त्यांना सगळं ऐकू गेलं.

"शबाना, ती झोपलीय की बेशुद्ध आहे? हाक मार. आत्ता."

फोनवर तिची पावलं ऐकू आली. मग हाक. "परी! ए परी!" पुन्हा हाक. मग काहीच नाही. मी फोन कानाला इतका दाबला होता की कान दुखायला लागला.

मग एक किरकिरा, चिडका आवाज आला. "झोपू दे ना गं!"

मी आयुष्यात इतका गोड आवाज ऐकलेला नाही. प्रल्हादराव मात्र खालीच बसले. ते तोंडावर हात धरून लहान मुलासारखे रडत होते, आणि सिंधू, जिचा नवरा आत पडला होता, त्यांना पाणी देत होती.

परीला धुऊन, कपडे बदलून दवाखान्यात आणलं. रात्रभर लक्ष ठेवलं. फळीवर जाड गादी होती, म्हणून तिला काही झालं नाही. शबानालाही तपासलं, तीही ठीक निघाली. सोपान आठवड्याभरानं घरी आला. त्याच्या हातांची थरथर जायला मात्र बराच काळ गेला. त्या काळात चहाचा कप सिंधू त्याच्या तोंडाशी धरायची.

ते बाक आणि ती फळी आम्ही जाळली नाही, विकलीही नाही. वाळवीचं काम करणाऱ्या कंपनीची माणसं येऊन घेऊन गेली. हुरडा पार्टी पंधरवड्यानं झाली, सतरंज्यांवर. पाहुण्यांपैकी एकानंही बाकांबद्दल विचारलं नाही.

आता कुठल्याही शेतावर गेले की लाकडाला हात लावायच्या आधी मी विचारते, ह्याला काय लावलंय? मालक म्हणतात, "काही नाही." मालकांना बहुतेक वेळा खरंच माहीत नसतं. म्हणून मग मी फडकं कुणाच्या हातात होतं ते शोधते, आणि त्यालाच विचारते.